लॉन काढून देशी झाडे-फुले लावायची आहेत? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, देवळाली. बंगल्यापुढचे किंवा रो-हाउसमागचे लॉन काढायचा विचार ज्यांच्या डोक्यात घोळतो आहे, त्यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे नाशिक शहर आणि त्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यापुरती आहेत. तुम्ही इगतपुरीला राहत असाल तर यातले निम्मे सल्ले उलटे करून वाचावे लागतील.

लॉनला खरेच इतके पाणी लागते का?

हिशेब घरच्या घरी करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचे लॉन साधारण ९३ चौरस मीटर भरते. एप्रिल-मे महिन्यात नाशकातल्या कोरड्या वाऱ्यात ते हिरवेगार ठेवायचे तर दिवसाला पाच मिलिमीटर तरी द्यावेच लागतात, म्हणजे रोज ४६५ लिटर. महिन्याचे चौदा हजार. पाच हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, आणि तेही पाइप वाहता सोडून माणूस चहाला गेला नाही असे धरून.

याउलट याच जागेवर पावसाळ्यात आकाशातून किती पडते? नाशिक शहराचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. ९३ चौरस मीटरवर तो ६५ हजार लिटर होतो. देशी फुले आणि गवते या पाण्यावर वाढायला तयार झालेली आहेत. मेक्सिकन लॉनचे गालिचे तसे नाहीत.

मग उन्हाळ्यात सगळे वाळून जाणार ना?

हो. बराचसा भाग वाळणार. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात, म्हणून मी तो वर घेतला आहे.

आपल्याकडची रानफुले पावसाळी आहेत. जूनमध्ये रुजतात, श्रावण-भाद्रपदात फुलतात, दिवाळीपर्यंत बी टाकून मोकळी होतात. गवते कार्तिकात सोनेरी होतात, माघात पिवळी आणि चैत्रात भुरकी. चामर लेण्याचा किंवा पांडवलेण्याचा डोंगर सप्टेंबरात पाहा आणि एप्रिलमध्ये पाहा, तुमच्या अंगणाचेही तेच होणार. परदेशी व्हिडिओत दिसते तशी जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुललेली कुरणे युरोपातल्या उन्हाळ्याची असतात. आपला उन्हाळा फुलांचा काळ आहे तो झाडांसाठी आणि झुडपांसाठी. बहावा, पळस, कुडा, धायटी, करवंद ही मंडळी ऐन उन्हात फुलतात. जमिनीलगतची फुले तेव्हा बीज किंवा कंद होऊन मातीत झोपलेली असतात.

म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे: आधी मार्च ते मे या तीन महिन्यांचे अंगण आखा, मग पावसाळ्याचे. खिडकीतून, फाटकातून, झोपाळ्यावरून जे दिसते तिथे बाराही महिने पाने धरणारी झुडपे हवीत. त्यांच्या पलीकडे, मध्ये आणि पायवाटेच्या कडेला पावसाळी फुलांची जागा ठेवा. एकदा ही मांडणी बसली की वाळलेल्या गवताचा भाग रखरखीत न दिसता मुद्दाम राखलेला वाटतो. ती नसेल तर एप्रिलमध्ये घरातले कोणीतरी कंटाळून पुन्हा लॉनवाल्याला फोन लावते. असे बरेच पाहिले आहे.

सुरुवात कधी करू?

लॉन काढण्याचे काम मार्च-एप्रिलमध्ये, लावण्याचे काम मृगात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागते, पण पाऊस पंचांग बघून येत नाही. जमीन वीतभर ओली झाल्याशिवाय बी टाकू नका. नाशकात वळवाच्या एका सरीवर बी रुजते, मग पंधरा दिवस ऊन पडते आणि कोवळी रोपे जळतात. आर्द्रापर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही.

आता ऑक्टोबर चालू असेल आणि उत्साह दांडगा असेल, तर हा हिवाळा बिया गोळा करण्यात घालवा. काम तेवढेच मोलाचे आहे.

लॉन काढायचे कसे?

तीन रस्ते आहेत. कोणताही घेतला तरी खरा शत्रू लॉनचे गवत नसून त्यात शिरलेली हरळी आणि लव्हाळा हे दोघे असतात.

*खणून काढणे.* कुदळीने तीन-चार इंचांचा थर चकत्यांसारखा कापून उचलायचा. मेक्सिकन लॉनची मुळे वरवर असतात, ते सहज निघते. छोट्या जागेला हा उपाय उत्तम. उचललेल्या चकत्या उलट्या करून एका कोपऱ्यात रचल्या की वर्षभरात त्याचीच माती होते.

*उन्हाने भाजणे.* हे नाशकात झकास जमते, कारण ऊनही फुकट आहे आणि प्लास्टिकही गावात मिळते. गवत जमिनीलगत कापा, जमीन भरपूर भिजवा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा आणि चारही कडा मातीने बुजवा. एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे तसेच ठेवा. आत वाफ कोंडून वरच्या थरातले बी आणि मुळे मरतात. कागद पारदर्शकच हवा. भाजण्यासाठी काळ्याचा तितका उपयोग नाही. द्राक्ष-भाजीपाल्याच्या साहित्याच्या दुकानात मल्चिंग पेपर मागितलात तर चंदेरी-काळा हातात पडेल, म्हणून नीट सांगा. आणि भोके पडू देऊ नका. गल्लीतले कुत्रे गार जागा शोधत त्यावर येऊन बसते आणि नखांनी चाळणी करून ठेवते.

*पुठ्ठ्याने झाकणे.* खोक्यांचे पुठ्ठे चिकटपट्ट्या काढून, एकावर एक येतील असे अंथरायचे, भिजवायचे, वर उसाचे पाचट किंवा पालापाचोळा. इंटरनेटवर याचे फार कौतुक आहे. आपल्याकडे कोरड्या दिवसांत पुठ्ठा म्हणजे वाळवीला आमंत्रण. पावसाळ्याच्या तोंडावर केले तर बरे चालते. घराच्या भिंतीला लागून मात्र नकोच.

आता लव्हाळ्याविषयी. खुरपे घालून एक रोप अलगद उकरा. पांढरट धाग्यासारख्या मुळाला एक काळपट गाठ दिसेल, तिच्यापुढे धागा आणि दुसरी गाठ, मग तिसरी. गाठ नखाने फोडली तर वास येतो. वरचे पाते उपटल्याने या गाठींना काही होत नाही, उलट प्रत्येक गाठीतून नवा कोंब निघतो. उन्हाने भाजूनही खोलवरच्या गाठी वाचतात. म्हणून पहिल्या पावसानंतर लगेच पेरू नका. शेतकरी करतो तेच करा: पहिल्या पावसावर तण उगवू द्या, आठ-दहा दिवसांनी खुरप्याने हलके उकरून गाठींसकट काढा, मग बी टाका. या एका पाळीने पुढच्या दोन महिन्यांची निंदणी निम्म्यावर येते.

तणनाशक मारून एकदाच मोकळे होऊ का?

नको. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध आणले होते. ते परवानाधारक कीड नियंत्रकांकडूनच मारून घ्यावे, असे त्यात म्हटले होते. आणि फुलपाखरे यावीत म्हणून चाललेल्या खटाटोपाची सुरुवात फवारणी पंपाने करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

माती बदलावी लागेल का? शेणखत किती टाकू?

शेणखत टाकूच नका. हे सांगितले की घरातल्या ज्येष्ठांना पटत नाही, पण रानफुले हलक्या, मुरमाड जमिनीत वाढणारी आहेत. खताने पहिले माजते ते गाजरगवत आणि केना. तेरडा तर खत मिळाले की उंच होऊन आडवा पडतो.

नाशकातल्या प्लॉटवर सहसा दोनपैकी एक परिस्थिती असते. एक, खाली बांधकामाचा भराव आणि मुरूम, वर लॉनवाल्याने टाकलेली चार-सहा इंच लाल माती. ही जागा रानफुलांना उत्तम, आहे तशी वापरा. दुसरी, गोदाकाठची किंवा आडगाव-मखमलाबादकडची काळी माती. ती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे मुरूम मिसळून वीतभर उंचीचे उंचवटे करा आणि कंद त्या उंचवट्यांवर लावा. सखल भागात मारवेल, वाळा यांसारखी ओल सोसणारी गवते येतील. सिमेंटचे गोळे, चुना, टाइल्सचे तुकडे मात्र वेचून बाहेर काढा.

कोणती फुले लावू?

मला विचाराल तर पहिल्या वर्षी चार-पाच जातींच्या पलीकडे जाऊ नये.

*तेरडा* पहिला. अर्धवट सावलीतही येतो, जूनमध्ये टाकला की भाद्रपदात गौरी बसायच्या सुमारास फुलतो. नर्सरीत दुहेरी पाकळ्यांचा गुलमेंदी मिळतो, तोही तेरडाच, पण मधमाश्यांना एकेरी फुलात शिरणे सोपे पडते. रानातला गुलाबी तेरडा मिळाला तर तोच घ्या. *कुर्डू* गुलाबी-पांढरे तुरे काढतो, त्याची कोवळी पाने भाजीला होतात, आणि तो पसरतो. शेतकरी त्याला तण म्हणतो ते उगाच नाही, म्हणून त्याला कोपरा नेमून द्या. *कवळा* पिवळ्याधमक फुलांचा, याचीही रानभाजी होते. *नभाळी* खडकाळ उंचवट्यासाठी, निळी-जांभळी केसाळ फुले. *विष्णुक्रांता* जमिनीला बिलगून पसरते आणि सकाळी नखाएवढी निळी फुले उघडते. पायवाटेच्या फरशांमधल्या फटींसाठी याहून चांगले काही नाही. नर्सरीत हिच्या नावाखाली मोठ्या निळ्या फुलांची अमेरिकी जात देतात. ती वाईट नाही, पण ती ही नव्हे.

कंदांमध्ये *रानहळद* आणि *कळलावी*. रानहळदीला झाडाखालची सावली आवडते. कळलावी कुंपणावर चढवा. आगीच्या ज्वाळेसारखी फुले येतात आणि गौरीचे हात म्हणून पूजेलाही जातात. हिच्या विषाबद्दल खाली लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय लावू नका.

सोनकी आणि कारवी पुष्कळ जण मागतात. दोन्ही घाटमाथ्याच्या आहेत. ब्रह्मगिरीच्या उतारावर सोनकी पाहून आल्यावर ती दारात हवी असे वाटणे साहजिक आहे, पण शहरातल्या पावसात तिचा भरवसा नाही. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तेवढा धीर असेल आणि जागाही असेल तर तुमची मर्जी.

इथे एक सोपी खूण सांगतो. नाशिक दोन हवामानांच्या मध्ये बसले आहे. पश्चिमेला त्र्यंबक-इगतपुरीचा दोन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस, पूर्वेला सिन्नर-येवल्याचा कोरडा माळ. अंगणाच्या उन्हात तापणाऱ्या भागासाठी सिन्नरकडच्या माळावर दिसणाऱ्या वनस्पती निवडा. न्हाणीच्या पाण्याजवळच्या, आंब्याखालच्या, उत्तरेच्या सावलीतल्या जागेसाठी त्र्यंबकच्या वाटेवर दिसणाऱ्या निवडा.

कास पठारासारखे दिसेल का?

नाही. कासला जांभा खडक, त्यावर बोटभर माती आणि चार महिने धो-धो पाऊस आहे. तिथल्या वनस्पती तिथेच शोभतात.

आणि गवत? सगळी फुलेच लावली तर?

नुसती फुले लावली तर ती एकमेकांच्या अंगावर पडतात आणि नोव्हेंबरनंतर उघडी माती उरते. गवत त्यांना आधार देते आणि हिवाळाभर जागा भरून ठेवते. मारवेल सर्वांत सोयीचे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी त्याच्या सुधारित जाती काढल्या आहेत, त्यामुळे ठोंब मिळवायला फार हिंडावे लागत नाही. पवना आणि डोंगरी गवत मुरमाड जागेत छान दिसते. वाळ्याचे ठोंब उतारावर माती धरून ठेवतात.

कुसळी टाळा. दिसायला सुरेख, वाऱ्यावर डोलते, पण ऑक्टोबरात तिची कुसळे पायमोज्यात, साडीच्या काठात आणि कुत्र्याच्या कानात जातात. कानात गेलेले कुसळ काढायला जनावरांच्या डॉक्टरांकडेच जावे लागते.

गवत बीवर आले की मुनिया पक्षी येतात. चार-पाच जणींची टोळी एकाच काडीवर उतरते आणि काडी कमान होऊन वाकते. सुगरणी पाती फाडून न्यायला येतात, त्यांना नेऊ द्या.

झुडपे कोणती?

आधी म्हटले तसे, उन्हाळा तोलायचा तो यांनीच. भर उन्हात तरवड: पिवळी फुले, पाणी जवळजवळ नको, बी कडक असते म्हणून गरम पाण्यात रात्रभर भिजवून लावायचे. धायटी: हिवाळा सरता सरता लाल फुलांनी भरते, शिंजीर पक्षी दिवसभर हलत नाहीत. करवंद: कुंपणाला काटेरी आणि मेमध्ये खायला करवंदे. निर्गुडी आणि अडुळसा: जनावरे तोंड लावत नाहीत, छाटले तरी पुन्हा फुटतात. कोरांटी: थंडीत फुलते. जागा मोठी असेल तर एक बहावा. ताम्हण महाराष्ट्राचे राज्यफूल आहे म्हणून मागणी असते, पण त्याला ओल लागते. सांडपाण्याजवळ लावले तरच सुख.

फुलपाखरांना नुसता मध पुरत नाही, अळ्यांना खायला पाने हवीत. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या होतात: पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या, पिवळे ठिपके असलेल्या, पाठीवर काळ्या शिंगांच्या जोड्या. रुईच्या चिकात विष असते, ते खाऊनच त्या पक्ष्यांना नकोशा होतात. लिंबू आणि कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन अंडी घालते. त्याच्या लहान अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, तेव्हा पुसून टाकू नका. खुळखुळ्याच्या वाळलेल्या फांद्यांवर टायगर फुलपाखरांचे नर गर्दी करतात. पाने कुरतडलेली दिसली की काम बरोबर चालले आहे असे समजा.

ऑनलाइन वाइल्डफ्लॉवर मिक्सची पाकिटे मिळतात. ती टाकू का?

त्यात बहुतेक कॅलिफोर्नियाची पॉपी, कॉर्नफ्लॉवर, कॉसमॉस, झिनिया असतात. हिवाळ्यात कुंडीत लावायला हरकत नाही, पण आपल्या रानाशी त्यांचा संबंध नाही. नारिंगी कॉसमॉसबाबत तर मी स्पष्ट नाही म्हणतो. मेक्सिकोकडचे हे फूल रस्त्याच्या कडेने इतके पसरले आहे की लोक ते रानफूल समजून फोटो काढतात. घाणेरी, म्हणजे टणटणी, अमेरिकेतून आली आणि जंगलात घुसली. लॉनला पर्याय म्हणून विकले जाणारे पिवळ्या फुलांचे वेडेलियाही तिकडचेच. ओल मिळाली की खालचे सगळे गिळून टाकते. सदाफुली मादागास्करची. झेंडूही अमेरिकेचाच, पण दसऱ्याला झेंडू लावू नका असे नाशकात सांगण्याची माझी हिंमत नाही. तो पसरत नाही, लावा.

गाजरगवताचे काय करायचे?

फुलण्याआधी, ओल्या जमिनीत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचे. त्वचेला खाज आणि शिंका दोन्ही येतात, म्हणून तोंडाला रुमाल बांधा. फुलावर आलेले झाड कंपोस्टमध्ये टाकू नका. त्यावर फिकट पाठीचे, गडद रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. गाजरगवत खाणारे हे मेक्सिकन भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात मुद्दाम आणून सोडले आहेत.

साप येतील का? डास? आणि बिबट्या?

डास साचलेल्या पाण्यात होतात, गवतात नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या, टाकीचे उघडे झाकण, जुना टायर हे बघा.

साप उंदरांमागे येतो. कुत्र्याचे उरलेले अन्न, कोंबड्यांचे दाणे, विटांचे ढीग नसले तर निम्मी काळजी मिटली. तरी घराच्या भिंतीपासून चार-पाच फूट पट्टा मोकळा ठेवा, तिथे मुरूम किंवा फरशी टाका. पायवाट दोन माणसे शेजारी चालतील एवढी रुंद करा. संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्या भागात आहेत. चावलाच तर मांत्रिक नाही आणि चीर देणे नाही, थेट सरकारी रुग्णालय.

बिबट्याचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. गोदावरी आणि दारणेच्या काठचा ऊस, मळे आणि शहराची हद्द आता एकमेकांना चिकटली आहे. देवळालीकडे किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला शेताला लागून घर असेल तर कंपाउंडलगत दाट झुडपांची सलग रांग करू नका. झुडपे सुटी सुटी, खालच्या फांद्या छाटलेली ठेवा. कुत्रा रात्री बाहेर बांधू नका.

कोणत्या वनस्पती विषारी आहेत?

कळलावीचा कंद सगळ्यात घातक. तो रताळ्यासारखा दिसतो, म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूला लावू नका आणि उपटलेले कंद उघड्यावर ठेवू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा दुखावतो. कण्हेरी सर्वांगाने विषारी. घरात रांगते मूल असेल तर या तिन्हींना चार-पाच वर्षे थांबवा.

मुले खेळणार कुठे?

सगळे लॉन काढा असे कोणी म्हटले? क्रिकेटपुरता, सतरंजी टाकण्यापुरता तुकडा ठेवा आणि तिथे साधी हरळी येऊ द्या. लॉनवाले जिला तण म्हणून उपटतात ती हरळी म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा. आपल्या उन्हातली आहे, तुडवलेली सोसते, पाणी तोडले तर पिवळी पडते आणि पहिल्या सरीला परत उठते. फुलांच्या भागात ती शिरू नये म्हणून मध्ये वीतभर खोल विटांची आडवी रांग पुरा.

शेजारी म्हणतात, अंगण रानटी दिसते.

कडा सरळ ठेवा. पायवाटेलगत एक फुटाचा पट्टा महिन्यातून एकदा कापला की मागचे कमरेएवढे गवतही लावलेले वाटते, वाढलेले नाही. रस्त्याच्या बाजूला बुटक्या जाती, उंच मागे. सोसायटीची सामाईक जागा असेल तर आधी सभेत ठराव करून घ्या आणि पहिल्या वर्षी एकाच कोपऱ्यात करून दाखवा. भाद्रपदात तेरडा फुलल्यावर विरोधकच फोटो टाकायला लागतात. लॉन काढायला कोणाची परवानगी लागत नाही, पण त्यातले झाड तोडायचे असेल तर महापालिकेची लागते.

ठिबक बसवू का?

झुडपांना पहिले दोन उन्हाळे, हो. आठवड्यातून एकदा भरपूर, रोज थोडे थोडे नाही. तिसऱ्या वर्षी काढून शेजाऱ्याला द्या. फुलांच्या भागाला नको. उन्हाळ्यात पाणी दिले तर झोपलेले कंद कुजतात.

रोपे आणि बिया कुठे मिळतील? अंजनेरीवरून आणल्या तर चालेल का?

अजिबात नाही. अंजनेरी हे राखीव संवर्धन क्षेत्र आहे. तिथे सापडणारी कंदीलपुष्पाची जात, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये जगाला ठाऊक झाली, आणि असल्या दुर्मिळ कंदांना सर्वांत मोठा धोका हौशी हातांचाच असतो. म्हसरूळजवळच्या बोरगडलाही हेच लागू. वनातून काहीही उपटणे गुन्हा आहे. तिथे बघायला जा, जाती ओळखायला शिका, फोटो काढा.

झुडपे आणि झाडांची रोपे वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत जूनमध्ये मिळतात. फुलांचे बी मात्र मागून मिळवायचे: शेताच्या बांधावरून, मालकाला विचारून, मोकळ्या प्लॉटवरून, बांधकाम सुरू होण्याआधी. पाथर्डी आणि आडगावकडे असे प्लॉट दर वर्षी कमी होताहेत. एका जागेवरचे सगळे बी ओरबाडू नका, मूठभर घ्या.

माळीकाकांना काय सांगू? ते सगळेच उपटून टाकतात.

त्यांचा दोष नाही. आयुष्यभर त्यांना हेच उपटायचे पैसे मिळाले आहेत. जुलैत तेरड्याचे आणि कुर्डूचे रोप बोटभर असताना त्यांच्यासोबत उकिडवे बसून एकेक दाखवा. गावाकडचे असतील तर नावे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक निघतात. जिथे बी टाकले तिथे काड्या रोवून सुतळी बांधा आणि पहिला महिनाभर त्या सुतळीच्या आत खुरपे फक्त तुम्ही चालवा.

कापणी कधी करायची? बी कसे ठेवायचे?

पाऊस उघडल्यावर घाई नको. बी पक्के होऊन गळेपर्यंत उभे राहू द्या, नोव्हेंबर अखेरीस पहा. तेरड्याचे बी त्याआधी धरावे लागते. फुगलेली, फिकट हिरवी बोंडे बोट लागताच फुटतात आणि दाणे उडतात. म्हणून पूर्ण बोंड मुठीत घेऊन मगच दाबा, आतल्या आत फुटू द्या. कुर्डूचे तुरे कागदी पिशवीत उलटे झटका. तरवडाच्या शेंगा तपकिरी झाल्या की काढा. सगळे सावलीत वाळवा, कागदाच्या पाकिटात भरा, वर नाव, जागा आणि महिना लिहा. प्लास्टिकच्या डब्यात ओलसर बी घातले तर संक्रांतीपर्यंत बुरशी येते.

गवत डिसेंबर-जानेवारीत विळ्याने वीतभर ठेवून कापा. एकदम सगळे नको. तिसरा हिस्सा पुढच्या पावसापर्यंत उभा राहू द्या, पोकळ काड्यांत किडे आणि कोष असतात. कापलेले गवत तिथेच पसरा किंवा गोठा असलेल्या कोणाला द्या. पेटवू मात्र नका. आणि उन्हाच्या बाजूला हातभर जागा मुद्दाम उघडी सोडा, तिथे पाचट नको. एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या त्या मातीत बिळे करतात. पेन्सिल जाईल एवढे भोक आणि भोवती भुरभुरीत मातीची कडी दिसली तर त्यावर पाणी ओतू नका.